प्रसूतीनंतर अंग खाली येणे : बसण्या-उठण्याचे पथ्य आणि त्याची मर्यादा

प्रास्ताविक

स्मरणिकेसाठी वैद्यकीय लेख लिहावयाचा म्हटला की मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे विषय आपोआप पुढे येतात. त्यांचे महत्त्व मी नाकारीत नाही. परंतु या वेळी मी मुद्दाम असा विषय निवडला आहे, की ज्याविषयी आपल्या घरांतून मोकळेपणाने बोललेच जात नाही. 'अंग बाहेर येणे', 'पिशवी खाली उतरणे' हे शब्दप्रयोग आपण ऐकतो ते कुजबुजीच्या स्वरात. आपल्या हुबळीतील कानडी शेजारणी 'गर्भकोश जारिदे' म्हणतात, तेही तितक्याच हळू आवाजात. भाषा दोन, संकोच मात्र एकच.

या संकोचाची किंमत किती मोठी असते, याचा पुरावा मराठी मुलखातच उपलब्ध आहे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. आणि त्यापूर्वी कधीतरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. ते सर्व आजार म्हणजे अंग खाली येणे नव्हे, हे उघड आहे. परंतु दुखणे अंगावर काढण्याची जी सवय त्या आकड्यांतून दिसते, ती देशपांडे नगरातील सुशिक्षित घरांतही मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. गडचिरोलीत दवाखाना दूर होता. येथे तो गल्लीच्या टोकाला असतो, तरीही पाऊल उचलत नाही.

प्रस्तुत लेखात या व्याधीच्या सर्व उपचारांचा आढावा घेण्याचा हेतू नाही. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात शरीराची ठेवण, म्हणजे उभे राहण्याची, बसण्याची, वाकण्याची व उठण्याची रीत, हिचा या व्याधीशी संबंध काय, तिच्यापासून कितपत लाभ होतो आणि कोठे तिची मर्यादा येते, एवढाच विचार येथे मांडावयाचा आहे.

व्याधीचे स्वरूप

स्त्रीच्या ओटीपोटात पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय व मागे गुदाशय अशी तीन इंद्रिये असतात. त्यांना दोन प्रकारचा आधार मिळतो. वरून व बाजूंनी अस्थिबंध त्यांना धरून ठेवतात. खालून स्नायूंची एक झोळी त्यांना तोलून धरते. ही झोळी म्हणजेच श्रोणितल. पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते, आणि तिच्यातील फटीतून मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग बाहेर पडतात. प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके याच फटीतून येते. त्या वेळी स्नायूंना जो ताण सोसावा लागतो, तो शरीरातील अन्य कोणत्याही स्नायूच्या वाट्याला क्वचितच येत असेल. बहुतेक मातांमध्ये हे स्नायू पुढील काही महिन्यांत सावरतात. काहींमध्ये मात्र ते हाडापासून सुटतात किंवा त्यांच्या नसांना इजा होते. चिमटा लावून झालेल्या प्रसूतीत ही शक्यता अधिक असते. खालचा आधार दुबळा झाला की सारा भार वरच्या अस्थिबंधांवर पडतो, ते हळूहळू लांबतात आणि इंद्रिये योनिमार्गात उतरू लागतात.

लक्षणे ठळक असतात, परंतु ती सांगण्यासाठी शब्द सापडत नाहीत. 'खाली काहीतरी अडकल्यासारखे वाटते', 'चेंडूवर बसल्यासारखे होते', 'सायंकाळपर्यंत जडपणा वाढतो, आडवे झाले की बरे वाटते', 'खोकले की लघवी सुटते', 'शौचास बसले की पूर्ण साफ झाल्यासारखे वाटत नाही' अशा तक्रारी असतात. आडवे झाल्यावर बरे वाटणे ही खूण विशेष ध्यानात ठेवावी. पुढील साऱ्या विवेचनाचे सूत्र तिच्यात आहे.

व्याधीच्या पायऱ्या मोजण्याची जी पद्धत आज सर्वत्र वापरली जाते, ती १९९६ साली निश्चित झाली. योनिमुखाच्या पातळीला शून्य धरून इंद्रिय किती सेंटिमीटर वर वा खाली आहे, ते मोजले जाते. एक सेंटिमीटरहून अधिक वर असेल तर पहिली पायरी, त्या पातळीच्या वर-खाली एका सेंटिमीटरच्या आत असेल तर दुसरी, त्याहून खाली आले तर तिसरी, आणि जवळजवळ संपूर्ण बाहेर आले तर चौथी. प्रसूतीनंतर काही महिन्यांनी तपासणीत पहिली वा दुसरी पायरी आढळणे ही दुर्मिळ गोष्ट नाही. म्हणून 'तुमचे अंग खाली आले आहे' एवढे एकच वाक्य सांगून मातेला घरी पाठवणे योग्य नव्हे; कोणते इंद्रिय, कोणत्या पायरीवर, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे.

तरुण मातेचा प्रश्न आणि हुबळीचे एक नाते

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत ही व्याधी प्रामुख्याने उतारवयातील स्त्रीची म्हणून वर्णिली जात असे. आपल्याकडे मात्र विशी-तिशीतील, आणखी अपत्याची इच्छा असलेली स्त्री हीच तक्रार घेऊन येते. तिला गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला देता येत नाही. मँचेस्टर नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखाचा भाग कापला जाई. त्यामुळे पुढील गर्भधारणेस व गर्भ टिकण्यास बाधा येण्याची भीती असे.

हा पेच सोडविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव अग्रभागी आहे. गर्भाशयमुखाला टाका घालून गर्भपात टाळण्याच्या त्यांच्या शस्त्रक्रियेमुळे, १९५५ पासून, त्यांचे नाव जगभर झाले. ते मूळचे गोव्यातील शिरोडा गावचे, जन्म १८९९ चा. आणि त्यांचे शालेय शिक्षण आपल्या हुबळीत झाले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले व तेथेच प्राध्यापक झाले. अंग खाली येण्यावरही त्यांनी मूलभूत काम केले: गर्भाशयमुख न कापता मँचेस्टर शस्त्रक्रियेत केलेला बदल, आणि तरुण स्त्रियांचे गर्भाशय पट्टीच्या आधाराने मागे त्रिकास्थीशी बांधण्याची शस्त्रक्रिया. मुंबईचेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या भिंतीतील आवरणाच्या पट्ट्या वापरून गर्भाशयमुख वर धरण्याची वेगळी रीत शोधली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की गर्भाशय राखून इलाज करण्याचा विचार कोणी परदेशातून आपल्याला शिकविलेला नाही. तो आपल्याच माणसांनी आपल्याच स्त्रियांच्या गरजेतून केला. शस्त्रक्रियेच्या अलीकडे जे उपाय आहेत, त्यांचा विचार हे त्याच धोरणाचे पहिले पाऊल होय.

ठेवण आणि भार

स्त्री ताठ व सैल उभी असते, तेव्हा तिचे कटीचे हाड जमिनीला समांतर नसते, तर पुढे झुकलेले असते. कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारी हाडाची टोके आणि पुढची जघनास्थी साधारणपणे एकाच उभ्या रेषेत येतात. कमरेतील नैसर्गिक कमानीमुळे हे घडते. याचा परिणाम असा, की पोटातील इंद्रियांचा भार थेट खालच्या फटीवर न पडता बराचसा पुढे, पोटाच्या खालच्या भिंतीवर व जघनास्थीवर पडतो. घागर कमरेवर घेताना आपण ती किंचित कलती धरतो, त्यामुळे तिचा भार हाडावर टेकतो. तसेच काहीसे हे आहे.

आता कुबड काढून, पाठ गोल करून, माकडहाडावर रेलून बसलेली माता डोळ्यांसमोर आणा. कमरेची कमान नाहीशी झाली. कटीचे हाड मागे वळले. छाती खाली बसून पोटावर दाब आला. आणि भाराची दिशा खालच्या फटीकडे झाली. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सैल असतात, त्यामुळे ही ठेवण आपोआपच लागते. त्यातच दिवसातून आठ ते बारा वेळा, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटे पाजावयाचे, म्हणजे रोजचे तीन ते पाच तास ती अशा रीतीने बसते. घरातील वडीलधाऱ्या 'जड उचलू नकोस' असे आवर्जून सांगतात. पण या पाच तासांविषयी कोणी काही बोलत नाही.

पुरावा काय सांगतो?

ही उपपत्ती ऐकावयास सुसंगत वाटते. परंतु सुसंगत वाटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, आणि डॉक्टरांच्या स्मरणिकेत तरी हा भेद ठेवलाच पाहिजे.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाठीच्या कण्याची वक्रता बदललेल्या स्त्रियांमध्ये अंग खाली येण्याचे प्रमाण सुमारे तिपटीने अधिक आढळले. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसूती झालेल्या स्त्रियांच्या श्रोणितल स्नायूंची क्रिया निरनिराळ्या बैठकींत विद्युत्-नोंदीने मोजली. रेलून बसण्यापेक्षा ताठ बसल्यावर ती अधिक होती. म्हणजे ठेवणीचा संबंध आहे, हे नक्की. परंतु 'ठेवण सुधारली म्हणून उतरलेले इंद्रिय वर गेले', असे सिद्ध करणारा भक्कम तुलनात्मक प्रयोग झालेला नाही. केवळ विशिष्ट पवित्र्यात उभे राहून व्याधी बरी होते असे सांगणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

आणखी एक गोष्ट. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात निसर्गतःच पुष्कळ सुधारणा होते. या काळात जो कोणी जो काही उपाय सांगेल, त्याला यश आल्यासारखे दिसते. मालिशवाली असो, योगशिक्षक असो वा मी स्वतः असो, प्रत्येकाने हे ध्यानात ठेवून आपले श्रेय थोडे कमी करून घ्यावे.

याउलट श्रोणितलाच्या व्यायामाचा पुरावा चांगला आहे. अमेरिकन डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या व्यायामाची शास्त्रीय मांडणी केली. २०१० साली नॉर्वेत १०९ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात सहा महिन्यांच्या व्यायामानंतर १९ टक्के स्त्रिया एक पायरी वर आल्या. व्यायाम न करणाऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ४४७ स्त्रियांच्या प्रयोगात, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने प्रत्येकीला स्वतंत्र शिकविलेल्या व्यायामाने बारा महिन्यांनंतर त्रास कमी झालेला आढळला. ब्रिटनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या त्रासदायक व्याधीसाठी किमान सोळा आठवडे देखरेखीखालील व्यायाम हा पहिला उपाय म्हणून सांगितला आहे.

या सर्वांतून माझ्या मनाशी जो निष्कर्ष निघाला आहे, तो एका शब्दात सांगता येतो. ठेवण हे औषध नव्हे. ते पथ्य आहे. औषधाशिवाय पथ्य अपुरे, हे खरे. परंतु पथ्याशिवाय औषधही फुकट जाते. दिवसातून अर्धा तास स्नायू बळकट करावयाचे आणि उरलेला वेळ त्यांच्यावर चुकीचा भार टाकावयाचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

दिनचर्येतील पथ्य

पाजणे. भिंतीला वा लोडाला पाठ टेकून, कमरेच्या पोकळीत छोटी उशी ठेवून बसावे. बसण्याची दोन हाडे खाली टेकलेली जाणवली पाहिजेत, माकडहाड नव्हे. मांडीवर उशी घेऊन बाळाला छातीपर्यंत वर आणावे. आपण बाळावर वाकू नये. दिवसातील निम्म्या वेळा तरी कुशीवर पडून पाजावे. पाजताना झोप येत असेल तर घरच्यांनी जवळ असावे.

उठणे. अंथरुणातून थेट उठून बसू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताचा रेटा देऊन उठावे. खुर्चीतून उठताना पुढे सरकावे, पाऊल मागे घ्यावे, श्वास सोडीत उठावे. २००६ मधील एका अभ्यासात असे दिसले, की खुर्चीतून नुसते उठताना पोटात येणारा दाब हलके वजन उचलताना येणाऱ्या दाबाहून कमी नसतो. तात्पर्य, 'काय उचलू नये' याइतकेच 'कसे उठावे' हेही महत्त्वाचे आहे. चार किलोच्या बाळाला उचलण्याची भीती कोणत्याही मातेला घालू नये.

उचलणे. हुबळी-धारवाडच्या गृहिणीला पाण्याचा प्रश्न नवा नाही. नीरसागर असो वा मलप्रभा, नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येणे आणि त्या दिवशी घरातील प्रत्येक भांडे भरून ठेवणे हे या शहराने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलोहून अधिक वजन, आणि पाण्याच्या दिवशी अशा वीस घागरी. प्रसूतीनंतर निदान सहा आठवडे, आणि जडपणा जाणवत असल्यास कित्येक महिने, हे काम घरातील पुरुषांनी करावे. ही सूचना मी वैद्यकीय सल्ला म्हणून लिहीत आहे, याची कृपया नोंद घ्यावी. जे उचलावेच लागेल ते शरीराजवळ धरून, गुडघे वाकवून, श्वास सोडीत उचलावे. श्वास कोंडून काहीही उचलू नये.

शौच. कुंथण्यासारखा या स्नायूंचा दुसरा शत्रू नाही. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर उकिडवे बसण्याने मार्ग सरळ होतो. त्यात दोष नाही, दोष आहे तो दहा-पंधरा मिनिटे बसून जोर करण्यात. कमोड असल्यास पायाखाली पाट घ्यावा, गुडघे कमरेपेक्षा वर असावेत व किंचित पुढे वाकावे. बाळंतिणीला पाणी बेताने द्यावे, भाज्या-फळे वातूळ म्हणून वर्ज्य करावीत, ही आपल्याकडील प्रथा या दृष्टीने घातक ठरते. पुरेसे पाणी, पालेभाज्या, पपई, भिजविलेले मनुके यांनी मलावरोध टळत नसेल तर डॉक्टरांना विचारून सौम्य रेचक घ्यावे.

खोकला व शिंक. येणार असे वाटताच श्रोणितल आवळावे व मग खोकावे. १९९८ मध्ये अमेरिकेत ही युक्ती शिकविलेल्या स्त्रियांची खोकताना होणारी लघवीची गळती आठवड्याभरातच लक्षणीय कमी झाली. लांबलेल्या खोकल्यावर मात्र वेळीच उपचार घ्यावेत.

विसावा. दुपारी व सायंकाळी पंधरा-वीस मिनिटे पाठीवर पडून, कमरेखाली उशी घेऊन, गुडघे वाकवून पडावे. भार उलट दिशेने गेल्यामुळे जडपणा ओसरतो. गुडघे व छाती जमिनीला टेकून कंबर वर ठेवण्याचा पवित्राही आराम देतो. परंतु प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो करू नये. त्या काळात गर्भाशयाच्या ओल्या जखमेतून रक्तात हवा शिरण्याच्या क्वचित घडलेल्या पण गंभीर घटनांची नोंद आहे.

श्रोणितलाचा व्यायाम

वायू रोखताना जे स्नायू आपण आवळतो ते आत व वर ओढावेत. मांड्या, नितंब व पोट सैल ठेवावे, श्वास चालू ठेवावा. सहा ते आठ सेकंद धरावे, तितकाच वेळ पूर्ण सोडावे. असे आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. प्रथम आडवे पडून, नंतर बसून, शेवटी उभे राहून. निदान चार महिने खंड पडू देऊ नये. पुष्कळ स्त्रिया आवळण्याऐवजी खाली जोर देतात, त्याने अपायच होतो. म्हणून एकदा तरी तज्ज्ञाकडून बरोबर होत असल्याची खात्री करून घ्यावी. लघवी करताना धार थांबवून हा व्यायाम नेहमी करू नये.

परंपरेतील तीन गोष्टी

पोट बांधणे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूत स्त्रीच्या पोटाला तूप-तेल लावून मोठ्या स्वच्छ वस्त्राने ते वेष्टावे असे सांगितले आहे. सिझेरियननंतर पट्ट्याने वेदना कमी होतात, असा अनुभव व पुरावाही आहे. परंतु कमरेशी करकचून बांधल्यास दाब खालीच जाणार. बांधावयाचे तर ओटीपोटापासून वर, बोट सहज शिरेल इतके सैल बांधावे. जडपणा वाढल्यास सोडून टाकावे. बांधल्याने इंद्रिये वर जातात, हा समज निराधार आहे.

मूलबंध. हठयोगातील ही क्रिया व केगेल यांचा व्यायाम यांत विलक्षण साम्य आहे. ज्या आजींना केगेल हे नाव परके वाटते, त्यांना 'मूलबंध' म्हटल्यावर चटकन उमगते, असा माझा अनुभव आहे.

उड्डियान. स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून उड्डियान व नौली यांचा क्ष-किरण व दाबमापकाच्या साहाय्याने अभ्यास केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे त्यांनी दाखविले व आपल्या गुरूंच्या नावावरून त्यास 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटले. उड्डियानाशी पुष्कळ साम्य असलेली 'हायपोप्रेसिव्ह' ही पद्धत पुढे १९८० च्या दशकात युरोपात प्रचारात आली. तथापि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील तुलनात्मक प्रयोगात श्रोणितलाचा साधा व्यायामच तिच्यापेक्षा सरस ठरला. म्हणून उड्डियान जाणकाराकडून, प्रसूतीनंतर काही महिन्यांनी शिकावे. पण त्याला मुख्य उपाय मानू नये. जोरजोराची कपालभाती मात्र जडपणा असेपर्यंत टाळावी.

मर्यादा

एका रुग्णाचा उल्लेख येथे उपयुक्त ठरेल. सत्तावीस वर्षांची ती शिक्षिका पहिल्या प्रसूतीनंतर चौदा आठवड्यांनी आली. दुसरी पायरी होती. गर्भाशय काढण्यावाचून इलाज नाही असे तिला कोणीतरी सांगितले होते, आणि दुसरे अपत्य आता होणार नाही असे धरून घरात अबोला सुरू झाला होता. वर सांगितलेले पथ्य व व्यायाम तिने पाच महिने निष्ठेने केले. जडपणा बहुतांशी गेला, ती शाळेत रुजू झाली, पुढे तिला दुसरे मूलही झाले. तपासणीत मात्र इंद्रिय अर्ध्या सेंटिमीटरनेच वर गेले होते. त्रास कमी होणे आणि उतार नाहीसा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि स्त्रीला हवी असते ती बहुधा पहिली.

तिसऱ्या-चौथ्या पायरीवर मात्र पथ्याने भागत नाही. तेथे सिलिकोनची रिंग पेसरी बसविता येते. योग्य मापाची असल्यास ती जाणवतही नाही आणि अनेक स्त्रिया ती स्वतः काढून, धुऊन बसविण्यास शिकतात. तरुण मातेसाठी, पुढचे अपत्य होईपर्यंतचा काळ निभावण्यास ती उत्तम सोय आहे. त्यानेही न भागल्यास शस्त्रक्रिया आहेच. आणि ती गर्भाशय राखून करता येते का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

पुढील लक्षणे असल्यास घरी थांबू नये: लघवी अडणे, बाहेर आलेला भाग आत न जाणे, त्यावर जखम वा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, ताप, अथवा पाय बधिर होणे.

समारोप

आपल्या समाजात बाळंतिणीचे कोडकौतुक कमी नाही. डिंकाचे लाडू होतात, शेक-शेगडी होते, बारशाला घर भरते. सहाव्या आठवड्यात बाळाची लस चुकत नाही. त्याच दिवशी आईची तपासणी मात्र राहून जाते. माझ्या सहव्यवसायी बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की त्या भेटीत दोन प्रश्न न चुकता विचारावेत: 'खाली जड वाटते का?' आणि 'खोकताना लघवी सुटते का?' या दोन प्रश्नांना मिनिटभरही लागत नाही. आणि घरातील सासूबाई, आई, आत्या, मावशी यांना विनंती, की आपण जे आयुष्यभर अंगावर काढले ते सुनेने वा लेकीने काढू नये. तिला पाठीशी एक उशी द्यावी, पाण्याची घागर तिच्या हातून घ्यावी, आणि ती काही सांगू पाहील तेव्हा तिचे ऐकून घ्यावे.